दिवाळीच्या किल्ल्यात हरिहर: मातीत पायऱ्या कशा कोरायच्या

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात दगड-माती येते आणि दोन दिवसांत एक डोंगर उभा राहतो. वर महाराज, खाली मावळे, बाजूला एक विहीर. त्या डोंगराला नाव विचारलं तर मुलं 'रायगड' म्हणतात, कधी 'प्रतापगड', आणि दोन्ही सारखेच दिसतात. त्यापेक्षा नाशिककरांनी जवळचा एखादा खरा किल्ला धरून बांधावा. त्र्यंबकजवळचा हरिहर त्यासाठी उत्तम. आकार सोपा आहे, आणि कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या अशा की बघणारा लांबूनच ओळखतो.

बांधायच्या आधी सगळ्यांनी मिळून किल्ल्याचे पाच-सहा फोटो नीट बघा. खाली गवताळ उतार, त्यावर ताशीव काळा कडा. कड्यावर सरळ चढत गेलेल्या पायऱ्या आणि त्यांच्या टोकाला दरवाजा. दरवाजातून आत गेलं की डोक्यावर झुकलेल्या कातळाखालून जाणारी अरुंद वाट, मग पुन्हा पायऱ्या आणि दुसरा दरवाजा. माथ्यावर तळं, मारुती, दगडी कोठार आणि सगळ्यात उंच टेकाडावर झेंडा. एवढं साधलं की किल्ला झाला. बाकी हौस.

जागा आणि वजन

चार फूट रुंद, तीन फूट खोल जागा पुरते. भिंतीला चिकटवून बांधू नका, एक वीतभर फट ठेवा; नाहीतर भिंत ओल धरते आणि पाडव्यापर्यंत रंगाचे पोपडे निघतात. खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि त्याच्या कडा विटा लावून उचला, म्हणजे गढूळ पाणी पार्किंगभर पसरणार नाही.

या मापाचा किल्ला ओला असताना दीडशे किलोच्या आसपास जातो. फ्लॅटच्या पुढे काढलेल्या गॅलरीत तो बांधू नये. तिथे खोक्यांवर कागदाचा लगदा लावून दोन फुटी किल्ला करा. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, म्हणून उघड्या अंगणापेक्षा जिन्याखालची किंवा पत्र्याखालची जागा बरी. मात्र रोज तीन-चार तास ऊन यायला हवं, नाहीतर अळीव पिवळट आणि लांबट उगवतं.

सांगाडा

नुसते दगड रचून सव्वादोन फूट उंची गाठायची तर दगड भरपूर लागतात, आणि एक निसटला की सगळं खाली येतं. नाशिकमध्ये सोपा मार्ग हाताशी आहे: टोमॅटोची वीस किलोची प्लास्टिकची जाळी, म्हणजे क्रेट. अशा दोन जाळ्या भाजीवाल्याकडून आठ-दहा दिवसांसाठी मागून आणा. एक जाळी पालथी ठेवा आणि तिच्यावर दुसरी पालथी. दोन्ही सुतळीने चारही बाजूंनी करकचून बांधा.

ठेवताना जाळीची लांब बाजू समोर घेऊ नका. एक कोपरा बघणाऱ्याकडे करा. हरिहरचा माथा त्रिकोणी आहे. कोपरा पुढे आला की दोन कडे आणि मधली धार दिसते, मागची बाजू भिंतीआड लपते आणि चौकोनी जाळीचा त्रिकोणी कातळ होतो.

खालच्या जाळीभोवती दगड, विटांचे तुकडे आणि मुरूम रचून उतार करा. हा उतार पायथ्याला पसरट असू द्या, जाळीच्या काठाला येईपर्यंत चढता. वरची जाळी उघडी राहील, तो कडा. मोठ्यांनी दगड लावावेत, मुलांनी फटींत खडे ठोकावेत. फटी राहिल्या तर मातीचा थर आत बसतो आणि तिथेच भेग पडते.

आता गोणपाट. तागाचंच घ्या, तीन पोती. प्लास्टिकच्या पोत्यावर माती धरत नाही, सुकली की पापुद्र्यासारखी सुटते. पोती उसवून पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळा आणि सांगाड्यावर ताणून बसवा. वरच्या जाळीवर दर चार बोटांवर सुतळीचा वेढा द्या, कोपऱ्यांवर दाभणाने टाके घाला. कड्याचं गोणपाट ढिलं राहिलं तर माती लावल्यावर पोट सुटतं आणि ताशीव कड्याची उशी होते.

माती

इथे सगळ्यात जास्त किल्ले फसतात. नाशिकच्या आसपास काळी माती मुबलक, म्हणून तीच आणली जाते. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच. नुसत्या काळ्या मातीचा किल्ला दुसऱ्या दिवशी दुपारी चिरांनी भरतो.

या किल्ल्याला पाच घमेली माती लागते. तीन घमेली लाल माती (नर्सरीत पोत्याने मिळते), एक घमेलं काळी, एक घमेलं बारीक वाळू. काळी चिकटपणासाठी, वाळू आकसणं कमी करण्यासाठी. त्यात अर्धं घमेलं बारीक चिरलेलं गवत किंवा भुसा घाला. त्याचे धागे माती धरून ठेवतात. सगळं आधी कोरडंच चाळून एकत्र करा, मग पाणी. आदल्या रात्री कालवून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली की सकाळी माती लोण्यासारखी हाताला येते. तुडवायचं काम मुलांचं, सांगावं लागत नाही.

लावायच्या आधी एक चाचणी करा. तळहाताएवढी, अर्धा इंच जाड वडी थापून उन्हात ठेवा. संध्याकाळी केसासारख्या चिरा दिसल्या तर चालतील. नख शिरेल एवढी भेग पडली तर आणखी अर्धं घमेलं वाळू. वडी बोटांनी चुरगळली तर वाळू जास्त झाली, काळी माती वाढवा.

पहिला हात पातळ घोळाचा, डोशाच्या पिठाइतका. तो गोणपाटात हाताने चोळून जिरवायचा, थापायचा नाही. लगेच त्यावर अर्धा इंच घट्ट मातीचा थर, खालून वर लावत न्यायचा. दुसरा पाव इंचाचा थर संध्याकाळी. पहिल्या थरात बोट रुतत नाही पण नखाचा ओरखडा उठतो, ती वेळ. एकदम दोन इंच माती थापली की वरून सुकते, आत ओलीच राहते, आणि रात्रीतून अख्खा कडा घसरून पायथ्याशी बसलेला सापडतो. भर दुपारी लावू नका. लावावंच लागलं तर ओलं फडकं टाका.

पायऱ्या

समोरच्या दोन कड्यांपैकी ज्यावर ऊन तिरपं पडतं तो पायऱ्यांसाठी घ्या. सावली पडल्याशिवाय पायरी उठून दिसत नाही.

कड्यावर वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंद आणि दोन बोटं जाड असा घट्ट मातीचा पट्टा चढवा. या पट्ट्यासाठी माती वेगळी, भुसा न घातलेली. भुशाचे धागे सुरीला अडकतात आणि पायरीची कड फाटते. पट्टा चिकटायला खालच्या थरावर काट्याने आडव्या रेघा ओढा, घोळ लावा आणि मगच दाबा. नंतर तीन ते चार तास थांबा. अंगठा दाबला तर ठसा उमटावा पण माती अंगठ्याला लागू नये, तेव्हा कोरायला घ्या.

वरची जाळी साधारण २९ सेंटिमीटर उंच असते. एका सेंटिमीटरला एक पायरी धरली तर अठ्ठावीस पायऱ्या होतात. पट्टीने बाजूला खुणा करा. त्यातल्या पहिल्या वीस पायऱ्या सलग, मग दरवाजा, उरलेल्या आठ आडव्या वाटेच्या पुढे. हत्यार म्हणजे आइस्क्रीमची चपटी काडी. काडी आडवी धरून आत दाबायची, मग वरून उभी दाबून मातीचा तुकडा काढायचा. वरून खाली कोरत या. खालून सुरुवात केली तर प्रत्येक वेळी वरचा चुरा तयार पायरीवर पडतो आणि तो झटकताना कड मोडते. बाहेर आलेली पायरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कडा तिथे उभाच दिसला पाहिजे. पाच-सहा पायऱ्या झाल्या की हात बदला. लहान मुलाचा हात इथे मोठ्यांपेक्षा स्थिर चालतो, पण फार वेळ नाही.

खऱ्या हरिहरवर चढताना हाताने धरायला पायऱ्यांच्या कडेला खोबण्या आहेत. आगकाडीच्या मागच्या टोकाने प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगाला एकेक खड्डा दाबा. दोन मिनिटांचं काम, आणि बघणारे सगळ्यात आधी त्याबद्दलच विचारतात.

दरवाजा आगपेटीच्या मापाचा. चौकट आइस्क्रीमच्या काडीची करून मातीत रुतवा, नुसत्या मातीची कमान सुकताना तडकते. पुढच्या आडव्या वाटेसाठी कौलाचा तुकडा घ्या, वीतभर लांब. तो कड्यात बोटभर आत घुसवून छपरासारखा बाहेर काढा आणि वरून माती लिंपा. त्याखाली दोन बोटं रुंद वाट कोरा. हे कौल पहिल्या थराच्या वेळीच बसवायचं असतं, नंतर घुसवायला गेलं तर कडा फुटतो.

कडा काळा, उतार हिरवा

सह्याद्रीचा कातळ काळा आहे, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, म्हणून कड्यांवर आडवे पट्टे दिसतात. गवत उभ्या कड्यावर फारसं नसतं, ते उतारावर आणि पट्ट्यांमधल्या अरुंद टप्प्यांवर. मुलं मात्र सगळीकडे अळीव फेकतात आणि किल्ल्याचं हिरवं टोपलं होतं. कड्यावर एक दाणाही पेरू नका. कोळशाची पूड, राख आणि थोडा मातीचा घोळ एकत्र करून जुन्या ब्रशने फक्त कडा रंगवा, ब्रश आडवा ओढत.

उतारासाठी ५० ग्रॅम अळीव पुरतं. ते अर्धा तास पाण्यात भिजवा, बुळबुळीत होऊन गोळा बनतो. हाच चिकटपणा उतारावर डिंकाचं काम करतो. चमच्याने पसरून बोटाने पातळ करा, दाणे घसरत नाहीत. मोहरी सुकीच टाकली तर पहिल्या फवाऱ्याला पायथ्याशी वाहून येते. गहू टाकू नका, आठ दिवसांत वीतभर वाढतो आणि दरवाजा झाकतो.

अळीव दोन दिवसांत मोड धरतं, चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसतं. म्हणून वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी पेरा. पहिले दोन दिवस वरून ओलं फडकं, नाहीतर चिमण्या आणि मुंग्या दाणे नेतात. पाणी पंपाने फवारायचं, सकाळी आणि संध्याकाळी, मगने कधीच नाही. पायऱ्यांवर फवारा जाऊ नये म्हणून तेव्हा पुठ्ठा आडवा धरा. पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त होतंय. संध्याकाळचा फवारा बंद करा, दिवाळीत पहाटेचं दव तसंही पडतंच.

माथा आणि मंडळी

तळ्यासाठी स्टीलची वाटी काठापर्यंत मातीत पुरा, नुसत्या खड्ड्यात पाणी तासभरही टिकत नाही. पंप लावून धबधबा करायचा मोह आवरा. सतत वाहणारं पाणी एका संध्याकाळी कडा कापतं. कोठार म्हणजे एक छोटी खोली आणि वर घुमटी, आत शिरायला दारापेक्षा खिडकीच म्हणावी एवढी जागा.

मावळे मेन रोडला आणि पंचवटीत दिवाळीच्या तोंडावर हातगाड्यांवर मिळतात. चार इंची मावळा सेंटिमीटरभर पायरीपुढे राक्षस वाटतो. मोठे पायथ्याला, बोटभर उंचीचे मध्यावर आणि सगळ्यात बारीक माथ्यावर ठेवा. किल्ला आहे त्यापेक्षा उंच भासतो. महाराजांची मूर्ती याला अपवाद, ती मोठीच आणि वरच. राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, मग महाराज हरिहरवर कसे, असं एखादं चुणचुणीत पोर विचारेल. त्याला सांगा की १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हा किल्ला स्वराज्यात आणला. पायथ्याला पुठ्ठ्याची पाटी लावा: गडाचं नाव, तालुका, मोरोपंतांचं साल आणि १८१८, ज्या वर्षी तो इंग्रजांकडे गेला. अक्षर घरातल्या सगळ्यात लहान लिहित्या पोराचं.

पणत्या गवतावर टेकवू नका, अळीव करपून तिथे काळा गोल पडतो. खाली सपाट दगड ठेवा. विजेची माळ घालायचीच तर मातीच्या बाहेरून, फवाऱ्याच्या वेळी पिन काढून. फटाके किल्ल्यापासून दूर, एका सुतळी बॉम्बने सगळ्या पायऱ्या जातात.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला टिकतो. मोडताना आधी दोन दिवस पाणी बंद करा, माती कोरडी झाली की गोणपाटासकट मोठ्या ढेपा निघतात. जाळ्या धुऊन भाजीवाल्याला परत द्या. रंगवलेल्या कड्याची माती वेगळी काढा, बाकीची चाळून पोत्यात भरा आणि कोरड्या जागी ठेवा. एकदा भिजून सुकलेली ही माती पुढच्या वर्षी निम्म्या वेळात कालवली जाते, फक्त भुसा नवा घालावा लागतो.