न्हाणीत २४ व्होल्टचं बटण बसवायचंय? काय बघून घ्यायचं ते सांगतो

आमच्या जुन्या घरात न्हाणीचा स्विच बाहेरच्या भिंतीवर होता, त्यामुळं डोक्याला साबण लावला की धाकटा भाऊ बाहेरनं लाईट घालवायचा आणि आपण आत अंधारात बोंबलत बसायचं. तेव्हा लई राग यायचा, आता कळतंय की स्विच होता तिथंच बरोबर होता, कारण ओल्या हातानं २३० व्होल्टचं बटण दाबणं म्हणजे जिवाशी खेळ. पण घर ऑटोमेशनचं करायला घेतलं असेल तर बटण बिनधास्त आत घेता येतं, कारण बटणापर्यंत २३० व्होल्ट न्यायचेच नाहीत. तिथं जाणार फक्त २४ व्होल्ट डीसीची बारीक सिग्नलची वायर, ती कंट्रोलरला, म्हणजे ऑटोमेशन चालवणाऱ्या बोर्डाला सांगणार की दाबलं, आणि लाईट चालू-बंद करणारा रिले बाहेर डीबीत, म्हणजे एमसीबीच्या डब्यात बसणार.

आता बटण कुठलं. पहिलं म्हणजे खाली-वर राहणारा नेहमीचा स्विच नको, दाबलं की परत येणारं बेल पुशसारखं पाहिजे. कारण लाईट तुम्ही मोबाईलवरनं बंद केला किंवा सेन्सरनं बंद झाला तरी भिंतीवरचा स्विच चालूच दाखवत बसतो, मग माणूस दोनदा खटखट करतो आणि ऑटोमेशनला शिव्या देतो. पुश असला की एकदा दाबलं मेन लाईट, दाबून धरलं की डिम, दोनदा दाबलं की एक्झॉस्ट, सगळं एकाच बटणावर जमतंय.

वायरमन लगेच म्हणणार, "साहेब, मग साधा बेल पुशच बसवूया की, प्लेटमध्ये बसतोय." मीपण तेच केलं होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फसलो. बेल पुशातले कॉन्टॅक्ट २३० व्होल्ट आणि बऱ्यापैकी करंटसाठी बनवलेले असतात. त्यावर चांदी असते आणि ती हुपरीचे पैंजण काळे पडतात तशीच काळी पडते. २३० व्होल्टला ती काळी पापुद्री फुटून जाते म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही, पण माझ्या कंट्रोलरचं इनपुट, म्हणजे बटणाची वायर जोडायची जागा, ३.३ व्होल्टचं, १० किलोओहमच्या रेझिस्टरमधनं जेमतेम ०.३३ मिलिअँपिअर जाणार, एवढ्यात पापुद्री काय फुटणार? न्हाणीतली वाफ आणि वर आपला चार महिन्यांचा पाऊस, जुलैत बटण तीनदा दाबल्यावर एकदा लागायला लागलं. मी आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो, ते सोडा.

त्यामुळं दोन गोष्टी बघा. इनपुट २४ व्होल्टचं घ्या, म्हणजे कॉन्टॅक्टमधनं थोडे तरी मिलिअँपिअर जातात आणि लांब वायरीत गिझर-मोटरच्या खटक्यानं येणारी खोटी दाबणी पण कमी होते. आणि बटणाचे कॉन्टॅक्ट सोन्याचा मुलामा दिलेले मिळाले तर तेच घ्या, कमी करंटला तेच टिकतात. केएनएक्स ही वायरीवर चालणारी ऑटोमेशनची पद्धत घेतली असेल तर तिची बस, म्हणजे सगळी उपकरणं जोडणारी वायर, ३० व्होल्टच्या आसपासची असते, पण बटणाला जोडायचं पुश बटण इंटरफेस बटणावर किती व्होल्ट देतंय आणि तिथनं वायर किती लांब चालते ते कॅटलॉगमध्ये बघून घ्या.

आणि असलं बटण मॉड्युलर स्विचच्या दुकानात शोधूच नका, सरळ कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावा. आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं मशिनचे पॅनल बनवणारे कितीतरी आहेत, त्यांचं रोजचं काम २४ व्होल्ट डीसीवरच. मशिनवर तेलकट हातानं, कुलंटच्या फवाऱ्यात, दिवसातनं हजारदा दाबायचं बटण जे असतंय, ते न्हाणीला नाद खुळा. २२ मिलिमीटरच्या भोकातलं किंवा १९ मिलिमीटरचं स्टीलचं चपटं, कडेला एलईडीची रिंग असलेलं, दोन्ही चालतील. मला स्टीलचं आवडतं, दिसायला बरं आणि रात्री रिंग मंद ठेवली की वेगळा नाईट लॅम्प लागत नाही. घेताना रिंगचा व्होल्टेज २४ च आहे ना ते विचारा, १२ ची घेऊन २४ ला जोडली की जळालीच. धूळ-पाणी किती सोसतंय ते सांगणारा आयपी नंबर ६५ तरी पाहिजे, म्हणजे पाण्याचा फवारा सोसतंय, आयपी ४४ फक्त शिंतोड्यापुरतं. बोअरचं पाणी असेल तर स्टीलवर पांढरे डाग धरतात, त्याला इलाज फडकं.

काचेचं टच पॅनल शोरूममध्ये लई भारी दिसतंय, पण न्हाणीत माझ्या मते नकोच. ओलं बोट त्याला कळत नाही आणि वाफेचा थेंब ओघळला तर तो मात्र कळतो. डोळ्यात साबण असताना हातानं चाचपून सापडेल असंच बटण पाहिजे.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, इथं चूक झाली तर जिवावर बेतेल. स्विचच्या मागं बॉक्समध्ये बसणारे वायफायचे छोटे मॉड्युल मिळतात ना, त्यातल्या बऱ्याच मॉड्युलचं स्विचचं टर्मिनल थेट २३० व्होल्टच्या लाईनवरच असतंय. त्याला बारीक वायर लावून बटण न्हाणीत नेलं की तुम्हाला वाटणार लो व्होल्टेज आहे आणि दाबताय फेज. कागदावर इनपुट आयसोलेटेड, म्हणजे मेन लाईनपासून वेगळं आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते मॉड्युल या कामाला घेऊ नका. २४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवर पण सेल्व (SELV) लिहिलेलं बघा, म्हणजे आतून मेनपासून नीट वेगळा केलेला, तो न्हाणीच्या बाहेरच ठेवायचा आणि त्याची २४ व्होल्टची बाजू अर्थिंगला जोडायची नाही. सिग्नलची वायर ०.५ चौरस मिलिमीटरची किंवा नेटवर्कची कॅट ६ चालते, पण २३० च्या पाईपमधनं ओढायची नाही, झिरी मारतानाच वेगळा पाईप टाकून घ्या.

बटण कुठं लावायचं? आंतरराष्ट्रीय वायरिंगच्या नियमात शॉवरच्या ट्रेच्या किंवा टबच्या वर २.२५ मीटरपर्यंत आणि बाजूला आणखी ६० सेंटिमीटर ही ओली जागा धरतात, ट्रे नसेल तर शॉवरपासून १.२ मीटर. आपली न्हाणी पाच बाय सात फुटाची, म्हणजे जवळजवळ सगळीच ओल्या जागेत आली. म्हणून आत २४ व्होल्टचं बटण सोडून दुसरा कुठला स्विच नको. गिझर या भानगडीत अजिबात आणू नका, ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर खातो, त्याला बाहेर वेगळा २० अँपिअरचा डीपी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच आणि डीबीत करंटची गळती झाली की लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच.

लाईट पण लो व्होल्टेजचे घेणार असाल तर १२ पेक्षा २४ चे घ्या. समजा आरसा आणि सीलिंग धरून ६० वॅट, डीबीपासून १० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरची वायर. १२ व्होल्टला ५ अँपिअर जाणार आणि वाटेतच साधारण १.२ व्होल्ट खाल्ले जाणार, २४ ला हे अर्ध्यावर, ०.६.

कंट्रोलर अडकला तर काय, हा प्रश्न घरातली मंडळी विचारणारच. माझ्याकडं मेन लाईटला डीबीत २४ व्होल्ट कॉइलचा इंपल्स रिले आहे, एकदा पल्स दिला की चालू, परत दिला की बंद, बटण थेट त्यालाच जोडलंय आणि कंट्रोलर बाजूनं तसाच पल्स देतो. असं थेट जोडलं की त्या बटणावर डिम आणि दोनदा दाबायची सोय राहत नाही, पण वायफाय गेलं, कंट्रोलर मेला, तरी लाईट लागतो. फक्त २४ चा सप्लाय इन्व्हर्टरवर घ्या, पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

बसवताना बटणाच्या मागची खोली आधी मोजा, कारण गवंड्यानं बॉक्स उथळ बसवला की टाईल लागल्यावर काही करता येत नाही. आयपी ६५ हे पुढच्या बाजूपुरतंच असतंय, मागनं वाफ पाईपातनं येऊन बॉक्समध्ये पाणी साठतं, म्हणून बॉक्समधलं पाईपाचं तोंड सिलिकॉननं बुजवा. दोन जोड्या वायर जास्तीच्या टाका. उंची घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला विचारून ठरवा, आमच्यात आईला विचारून एक मीटरवर घेतलं. आणि टाईल लागायच्या आधी भिंतीला मोजायची टेप धरून पाईपचे फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढं नळवाला बरोबर तिथंच ड्रिल मारतोय.