पाहुणे नसताना कोल्हापूर कसं बघावं

पै-पाहुणे आले की आपण त्यांना अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस फिरवून आणतो, तांबडा-पांढरा खायला घालतो आणि दमून झोपतो. स्वतःसाठी म्हणून गाव बघायला मात्र कोणी बाहेर पडत नाही. एक रविवार काढा.

गाडी घरीच ठेवा. सगळं शहर उरकायच्या नादाला लागू नका. गंगावेश ते दसरा चौक एवढाच पट्टा धरा.

सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी समोर उभ्या, धार डोळ्यांदेखत काढलेली, पेल्यावर फेस. धारोष्ण दुधाची सवय नसेल तर आधी अर्धाच पेला घ्या. तिथून पायी पंचगंगा घाट. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी देवळं उन्हाळ्यात निवांत बघता येतात.

आता खरी गंमत. घाटाजवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. आपण तिच्या शेजारून शंभरदा गेलेलो असतो. १९४५-४६ मध्ये इथं उत्खनन झालं आणि सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. इथल्याच मातीतून पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती निघाली. समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं! रोमशी चालणाऱ्या व्यापाराचा माग असा आपल्या दारात सापडला.

टेकडी बघितली की मूर्ती बघायला टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जायचं, याच क्रमानं. ते सकाळी लवकर उघडत नाही, म्हणून मधल्या वेळात मिसळ खाऊन घ्या. कुठली, यावर मी वाद घालणार नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

शेवटी दसरा चौक. तिथं चौफेर पाट्या वाचा. १९०१ पासून शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी या शहरात वसतिगृहं उभी राहिली, त्यातली काही या चौकाभोवतीच आहेत.

पुढच्या फेरीसाठी किरणोत्सवाचे दिवस धरा: ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. २१ डिसेंबरच्या आधी आणि नंतर साधारण ४१-४२ दिवसांनी सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून मावळतीची किरणं वर्षातून दोनदा गाभाऱ्यात शिरतात. पाचच्या आत देवळात पोचा, नाहीतर पुढच्यांची डोकीच दिसतील.