सबजा भिजवा, सी अर्चिनचं अंडं समजून घ्या
मंडईतनं दहा रुपयांचा सबजा आणा, चमचाभर वाटीत भिजवा आणि वीसेक मिनिटं विसरून जा. आता एक कोरडं बी चिमटीत दाबा, टोचतं ना, मग फुगलेलं हलकं चोळून बघा, बुळबुळीत जेली दबते, सरकते पण आतला काळा दाणा तसाच राहतो. सी अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी गोळ्यासारखा प्राणी, त्याच्या अंड्याभोवती पण असंच जेलीचं आवरण असतं, बऱ्याच जातींचं अंडं जेमतेम 0.1 मिलिमीटरचं, मादीच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना जी खेचाखेची होते ती बरीचशी जेलीच झेलते आणि समुद्राच्या पाण्यात आणखी फुगते. ड्रॉपरमधून पण ओढून बघा, टोक कापून हां, माझं अडकलेलं. उरलेला सबजा फालुद्यात.