नकाशावर एक गल्ली धरा: घरबसल्या फिरत फ्रेंच बोलायचा सराव कसा करावा

फ्रेंचचे पहिले काही धडे झाले की बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. आकडे पाठ असतात, रंग पाठ असतात, पण बोलायचं कशाबद्दल? अकरावीला गुण मिळतात म्हणून फ्रेंच घेतलेल्या मुलांचं तर हमखास असं होतं. माझ्या मते यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ऑनलाइन नकाशावर एखाद्या खऱ्या फ्रेंच गल्लीत उतरणं आणि दिसेल ते मोठ्यानं बोलणं. मात्र अख्खं पॅरिस एका बैठकीत उरकायला जाऊ नका. आयफेल टॉवर बघून डोळे सुखावतात, पण तोंडातून वाक्य निघत नाही. वाक्यं निघतात दुकानांच्या रांगेसमोर.

पहिली फेरी: र्‍यू मुफतार

गूगल मॅप्सवर पॅरिसमधली पाँतेआँ ही घुमटाची इमारत शोधा. तिच्या आग्नेयेला, अगदी जवळ, प्लास द ला काँत्रस्कार्प हा छोटा चौक आहे. तिथे नकाशातला पिवळा माणूस उचलून सोडा. आता समोर खरा रस्ता दिसेल.

आधी कोपऱ्यावरची पाटी वाचा. पॅरिसमधल्या रस्त्यांच्या पाट्या निळ्या असतात, त्यांना हिरवी कड असते आणि वरच्या बाजूला बहुधा विभागाचा क्रमांक असतो. इथे पाच. पाटीवरचं नाव वहीत रोमन अक्षरांत जसंच्या तसं उतरवा आणि शेजारी उच्चार देवनागरीत लिहा. न उच्चारली जाणारी शेवटची अक्षरं तिथल्या तिथे लक्षात येतात.

मग र्‍यू मुफतारनं खाली उतरत जा. रस्ता उताराचा आहे आणि सँ-मेदार चर्चपर्यंत जातो. बाजाराची जुनी गल्ली असल्यानं दुकानं भरपूर. एक-एक पाऊल पुढे टाकायचं, थांबायचं आणि बोलायचं:

ज्य देसाँ ला र्‍यू. (मी रस्त्यानं खाली उतरतोय.)
आ गोश, इल या युन फ्रोमाज्री. (डावीकडे चीजचं दुकान आहे.)
आ द्र्वात, इल या अँ काफे. (उजवीकडे कॅफे आहे.)
ज्य स्वी दव्हाँ ला बुलाँज्री. (मी बेकरीसमोर आहे.)

एवढ्या चार साच्यांवर पूर्ण गल्ली बोलून होते. नवीन दुकान आलं की फक्त शेवटचा शब्द बदलायचा: बुश्री म्हणजे खाटकाचं दुकान, प्वासॉनरी मासळीचं, लिब्रेरी पुस्तकांचं. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून लगेच ओळखू येतं. प्रत्येक नाव ‘अँ’ किंवा ‘युन’ लावूनच म्हणा. नुसता शब्द पाठ केला तर लिंग पुन्हा वेगळं पाठ करावं लागतं.

घरांचे क्रमांक सोडू नका. फ्रेंच आकड्यांची खरी कसोटी सत्तरच्या पुढे लागते, आणि ही गल्ली शंभराच्या पुढे जाते. एकाहत्तर म्हणजे साठ आणि अकरा, स्वासाँत ए आँझ. ब्याण्णव म्हणजे चार विसा बारा, कात्र व्हँ दूझ. चढत्या क्रमांकांनी चालत असाल तर विषम क्रमांक डाव्या हाताला आणि सम उजव्या हाताला येतात, त्यामुळे ‘आ गोश’ आणि ‘आ द्र्वात’ यांचाही सराव होतो. फ्रान्समध्ये जुन्या सरकारी इमारतींच्या आणि शाळांच्या भिंतींवर एक सूचना बऱ्याचदा दिसते: देफाँस दाफिशे, म्हणजे पत्रकं चिकटवण्यास मनाई, आणि तिच्याखाली 29 जुलै 1881 च्या कायद्याचा दाखला. ती सापडली तर सालासकट पूर्ण वाचा.

फेरी दहा-पंधरा मिनिटांची पुरे. बोलताना फोनवर रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत परत या. रोज नवी जागा बघण्याचा मोह आवरा. ओळखीच्या रस्त्यावरच तोंड मोकळं होतं. गल्ली अंगवळणी पडली की नकाशाची भाषा फ्रेंच करून टाका. दुकान उघडं आहे की बंद, किती वाजता बंद होतं, हे सगळं फ्रेंचमध्ये दिसू लागेल, तेही चोवीस तासांच्या घड्याळानुसार.

मग लास्को

रंग आणि प्राणी शिकायला लास्कोच्या गुहेसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. नैऋत्य फ्रान्समधली ही चित्रांची गुहा 12 सप्टेंबर 1940 रोजी चार मुलांना सापडली. पुढे माणसांच्या गर्दीनं, त्यांच्या श्वासानं चित्रं खराब होऊ लागली, म्हणून 1963 मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. त्यामुळे खुद्द फ्रेंच माणसालाही आत जाता येत नाही, तो शेजारी उभारलेली प्रतिकृती बघतो. फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मात्र मूळ गुहेची आभासी सफर आहे. ती फ्रेंचमध्येच उघडा.

‘साल दे तोरो’ या बैलांच्या दालनातून सुरुवात करा. प्राणी मोजकेच: तोरो (बैल), व्हाश (गाय), शव्हाल (घोडा), सेर (सांबरासारखं हरीण). रंग त्याहून मोजके: काळा, तांबडा, पिवळा. फ्रेंचमध्ये रंग नामाच्या मागून येतो, म्हणून ‘अँ शव्हाल जोन’ (पिवळा घोडा), ‘युन व्हाश रूज’ (तांबडी गाय) असं प्रत्येक चित्रासमोर म्हणा. एकच घोडा ‘शव्हाल’, अनेक असले की ‘शव्हो’. या गुहेत घोडे इतके आहेत की हे अनेकवचन विसरणं अवघड.

लूव्र संग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात जायचं ते वाचनासाठी. चित्राखालची माहिती मोजक्या शब्दांत असते: चित्रकार, काळ, उंची, रुंदी. मोनालिसाचं फ्रेंच नाव ला जोकाँद. तिच्या नोंदीत ‘उईल स्युर ब्वा’, म्हणजे लाकडावर तैलरंग, हे शब्द शोधा. पुढची बरीच चित्रं ‘उईल स्युर त्वाल’, म्हणजे कॅनव्हासवर.

कॅनडाला जायचं ठरत असेल तर पुढची गल्ली माँट्रियलची घ्या. फ्रान्समध्ये थांबण्याच्या लाल पाटीवर ‘स्टॉप’ असतं, क्वेबेकमध्ये, म्हणजे माँट्रियल ज्यात येतं त्या फ्रेंचभाषक प्रांतात, बहुतेक ठिकाणी ‘आरे’. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला तिथे ‘देपानर’ म्हणतात. वाक्यांचे साचे तेच ठेवा आणि वहीत या शब्दांसाठी वेगळं पान करा.