तीन फुटी रॅम्पवर ड्रॉप इन करायच्या आधी

नवीन पोरं स्केटबोर्ड घेऊन मिनी रॅम्पवर आली की थेट वर चढून ड्रॉप इन करायला, म्हणजे वरच्या कडेवरून बोर्डसकट उतारावर सुटायला बघतात आणि तिथेच आपटतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी आठवडाभर खालूनच खेळा, फक्त पंपिंग करा, म्हणजे गुडघे वाकवून-सरळ करून वेग घ्या.

मिनी रॅम्प म्हणजे समोरासमोर दोन वळणदार उतार आणि मध्ये सपाट जागा, बाजूने बघितलं तर पसरट यू. शिकायला तीन फूट उंची आणि उताराच्या गोलाईला सहा फूट रेडियस एकदम बरोबर, कारण अगदी वरच्या कडेलाही उतार साठ अंशांचाच राहतो, उभी भिंत होत नाही. बनवून घेत असाल तर 18 एमएमच्या प्लायवर सहा फुटी पट्टी एका टोकाला खिळ्याने ठोका, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा आणि गोलाई आखा, एक उतार जमिनीवर लांबीला साधारण 5.2 फूट भरतो. मधला सपाट भाग आठ फूट ठेवा, म्हणजे आठ बाय चारची शीट कापावी लागत नाही. आडव्या पट्ट्या दर आठ इंचावर, वरून 6 एमएम प्लायचे दोन थर, आणि स्क्रूची डोकी आत बसलीत ना ते हात फिरवून बघाच, एक जरी वर राहिलं तरी पडल्यावर हाताची सालं निघतात. वरच्या कडेला दोन इंची लोखंडी पाईप बसवायचा, त्याला कोपिंग म्हणतात, तो उताराच्या बाहेर पाव इंच तरी यायला हवा नाहीतर चाकाला कड कळतच नाही.

आता पंपिंग. उभ्याने झोका चढवलाय ना कधी? अगदी तेच. सपाट जागेवर गुडघे वाकवून खाली बसायचं आणि उतार चढायला लागला की पाय सरळ करत उभं राहायचं, परत खाली येतानाही तसंच, वरून सुटताना बसायचं आणि गोलाईच्या तळाशी पाय दाबून उठायचं. पाय जमिनीला न लावता वेग वाढायला लागला की समजा जमलं. नजर मात्र जायचं तिकडे, पायांकडे बघितलंत की कंबर वाकते आणि वजन मागे जातं.

मग ड्रॉप इन. टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, वरच्या उभं राहायच्या प्लॅटफॉर्मवर, मागची चाकं कोपिंगच्या आतल्या, उताराच्या बाजूला, मागचा पाय टेलवर घट्ट, बोर्ड हवेत पुढे निघालेला. पुढचा पाय बोर्डच्या पुढच्या चाकांवरच्या स्क्रूंवर ठेवा आणि मग एकाच झटक्यात तो पाय खाली आपटा, पुढची चाकं उताराला लागेपर्यंत थांबायचं नाही, पुढचा खांदाही सोबत खाली गेला पाहिजे. इथे भीतीने माणूस मागे झुकतो, बोर्ड पुढे पळतो आणि कमरेवर पडायला होतं, जवळजवळ सगळ्यांचं हेच होतं, माझंही झालंय, मनगट सुजून पंधरा दिवस घरी बसलो होतो. म्हणून हेल्मेट, नी पॅड आणि रिस्ट गार्ड घातल्याशिवाय वर चढूच नका, आणि पहिल्या चार-पाच वेळा कोणाला तरी समोर उभं करून दोन्ही हात धरायला सांगा.

ते बसलं की रॉक टू फेकी ही पुढची ट्रिक घ्या. पुढची चाकं कोपिंगच्या पलीकडे टाकायची, बोर्डचं पोट पाईपवर टेकतं, टक्क असा आवाज येतो, आणि लगेच टेलवर वजन देऊन नोज, म्हणजे पुढचं टोक, उचलून न वळता उलटं खाली यायचं. नोज उचलायला विसरलात तर पुढची चाकं पाईपला अडकतात आणि तुम्ही पाठीवर.

पावसाळ्यात रॅम्पवर ताडपत्री टाका, प्लायच्या कडा फुगल्या की वरचा थर सुटायला लागतो आणि ओल्या प्लायवर चाकं सरळ घसरतात. पाऊस थांबला तरी फडक्याने पुसा, सांध्यात बोट फिरवून ओल नाही ना बघा, मगच बोर्ड काढा.