दगडखाणीवर जंगल उभारताय? झाडं निवडताना या चुका टाळा

दर मे महिन्यात कुणाचा तरी फोन येतोच. ‘बंद पडलेली खाण आहे, पाचशे रोपं मिळतायत, पहिल्या पावसात लावून टाकू ना?’ कुठली रोपं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सगळी देशी आहेत.’

देशी म्हणजे कुठली? रक्तचंदनही देशीच, पण ते आंध्रातल्या पूर्व घाटाचं. आणि झाड सह्याद्रीतलं असलं तरी खाणीत जगेलच असं नाही. हे मला सीता अशोकाने शिकवलं.

मालाडच्या बाजूला एका बंद खाणीत आम्ही चाळीस सीता अशोक लावले. अस्सल सदाहरित झाड, म्हणून मीच हट्ट धरला होता. पावसाळाभर तांबूस कोवळी पालवी लोंबत होती, सगळे खूश. दिवाळीनंतर पानांच्या कडा करपू लागल्या. दर आठवड्याला टँकर येत होता, तरी होळीपर्यंत सदतीस गेले. त्या दुपारी तळाच्या काळ्या दगडावर हात टेकला तर क्षणभरही ठेववेना. ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारं झाड आम्ही तापल्या तव्यावर लावलं होतं.

खाणीत माती नसते, मुरूम आणि पाषाण असतो. मुंबईत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. म्हणून आधी उन्हाला दाद न देणारी झाडं हवीत: मोई, पांगारा, काटेसावर, खैर, चांदाडा. मोई, पांगारा कोकणात वईला, म्हणजे कुंपणाला, फांद्या रोवूनच वाढवतात. मीही मनगटाएवढ्या फांद्या रोवते. पाणी साचतं तिथे अर्जुन, करंज, जांभूळ. कड्याच्या भेगेत पायर. तीन-चार वर्षांनी पाचोळा साठला, सावली धरली, की मग अंजनी आणि सीता अशोक.

ही तीन-चार वर्षंच लोकांना नको असतात. पहिल्या वर्षी हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झपाट्याने वाढणारी परदेशी झाडं लावतात. हिरवं दिसतं खरं, पण त्या बाभळीचा जाड पाचोळा लवकर कुजत नाही आणि आपली झाडं खालून वर यायला जागाच उरत नाही. पुढे तोडायला कुणी तयार होत नाही. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

उंच रोपांचा मोह धरू नका. दोन-तीन वर्षं काळ्या पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखी पिळवटतात. मी एखादी पिशवी फाडून बघितल्याशिवाय रोपं घेत नाही. गुडघ्याएवढं रोप पुरे.

15 ऑगस्टचा मुहूर्त धरू नका, तोवर निम्म्याहून जास्त पाऊस सरतो.

जांभळाची बी साठवू नका, ओली असतानाच पेरा.

नॅशनल पार्कातून बी उचलू नका. रस्त्याकडेच्या आणि गावठाणातल्या जुन्या झाडांखाली भरपूर मिळते.

आणि जानेवारीच्या आत प्रत्येक रोपाभोवतीचं गवत कापा. वणवा लागला की कुठलं झाड निवडलं होतं हे विचारायलाही काही उरत नाही.