विंडोजची सवय असलेल्या हातांसाठी लिनक्स मिंटचा डेस्कटॉप कसा मांडावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने थांबली आणि प्रोसेसर जुना असल्यामुळे किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ बसवता येत नाही, असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घराघरांत पडून राहिले. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त कार्यप्रणाली बसवण्याचे काम आता अवघड राहिलेले नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण पंधरा-वीस वर्षे विंडोज वापरलेल्या माणसाच्या हातात तो लॅपटॉप दिला की प्रत्येक ओळखीची गोष्ट कुठे गेली हे त्याला नव्याने शोधावे लागते. मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपची मांडणी मुळातच विंडोजच्या जवळची आहे आणि ती आणखी जवळ कशी न्यावी, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. मिंट आधीच बसवलेले आहे, असे येथे गृहीत धरले आहे. पर्यायांची नावे इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत.

माझ्या आईसाठी मी हे काम पहिल्यांदा केले तेव्हा दोन संध्याकाळी केवळ रंग, चिन्हे आणि पार्श्वचित्र यांवर घालवल्या होत्या. पडदा हुबेहूब दिसू लागला, पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाताना तिने सवयीने विंडोज कळ आणि एल ही अक्षरकळ एकत्र दाबली, तेव्हा पडद्याला कुलूप लागण्याऐवजी प्रोग्रामरांच्या उपयोगाची एक अनोळखी चौकट उघडली आणि ती घाबरून गेली. तेव्हापासून मी आधी हाताच्या सवयी सांभाळतो आणि रूप सर्वांत शेवटी बदलतो. पुढील पायऱ्यांचा क्रमही तोच आहे.

सुरुवातीला एक वेगळे खाते

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे साधन आधीपासून असते आणि काम सुरू करण्यापूर्वी त्यातून प्रणालीची एक प्रत काढून ठेवावी, हा सल्ला योग्यच आहे. मात्र टाइमशिफ्टच्या मूळ मांडणीत वापरकर्त्याचे होम फोल्डर त्या प्रतीत घेतले जात नाही आणि डेस्कटॉपच्या बहुतेक सगळ्या आवडीनिवडी नेमक्या त्याच फोल्डरात साठवलेल्या असतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून सिस्टम सेटिंग्जमधील युजर्स अँड ग्रुप्स येथे प्रयोगासाठी एक वेगळे खाते तयार करावे आणि आधी सगळे बदल तिथेच करून पाहावेत. एका खात्यातील डेस्कटॉपची मांडणी दुसऱ्या खात्याला लागत नसल्यामुळे मूळ खाते सुरक्षित राहते.

मूळ खात्यातच काही बिघडले, तर खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून ट्रबलशूट या उपमेनूतील रिस्टोअर ऑल सेटिंग्ज टू डिफॉल्ट हा पर्याय निवडावा. त्याने केलेली सगळी मांडणी पुसली जाते, पण डेस्कटॉप पुन्हा चालू स्थितीत येतो.

कळांच्या जोड्या

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. पुष्कळ सवयी सिनॅमनमध्ये जशाच्या तशा चालतात: विंडोज कळ दाबली की मेनू उघडतो, ती ई सोबत दाबली की होम फोल्डर उघडते, डी सोबत दाबली की सगळ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, आणि ऑल्ट-टॅब व ऑल्ट-एफ४ यांचा अर्थही बदलत नाही. उरलेल्या थोड्या जोड्या जुळवाव्या लागतात. त्यासाठी सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड आणि त्यात शॉर्टकट्स हा विभाग उघडावा.

सर्वप्रथम पडद्याचे कुलूप. सिनॅमनमध्ये ते कंट्रोल, ऑल्ट आणि एल या तीन कळांवर असते, तर विंडोज कळ आणि एल ही जोडी वर उल्लेखलेल्या चौकटीला, म्हणजे लुकिंग ग्लासला दिलेली असते. सिस्टम गटातील लॉक स्क्रीन ही ओळ निवडावी, खालच्या यादीतील मोकळ्या जागेवर क्लिक करावे आणि विंडोज कळ व एल एकत्र दाबावे. ही जोडी दुसऱ्या कामासाठी वापरात असल्याची सूचना आली की ती नव्या कामाला देण्यास होकार द्यावा. दुसरी जोडी विंडोज कळ आणि वरचा बाण यांची आहे. विंडोजमध्ये तिने खिडकी पूर्ण पडदाभर होते, पण सिनॅमनमध्ये ती पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात जाऊन बसते. त्याच यादीतील विंडोज, म्हणजे खिडक्यांच्या, गटातील मॅक्सिमाइज विंडो या कामाला ही जोडी दिली की फरक मिटतो. पडद्याचा निवडक भाग टिपण्यासाठी विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा दाबण्याची सवय असेल, तर स्क्रीनशॉटच्या गटात त्याही नेमून द्याव्यात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडणाऱ्यांसाठी कस्टम शॉर्टकट तयार करावा लागतो. त्याच्या आज्ञेच्या रकान्यात ग्नोम, सिस्टम आणि मॉनिटर हे तीन शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये आडवी रेघ देऊन लिहावेत, आणि मग त्या तीन कळा त्याला नेमून द्याव्यात. अडकलेला प्रोग्राम बंद करण्यासाठी मिंटचा सिस्टम मॉनिटर तेवढाच उपयोगी पडतो.

मराठी टंकलेखन

विंडोजवर मराठी लिहिणाऱ्याला कळफलक बदलण्याची एक ठरावीक खूण हवी असते आणि ती नसेल, तर बाकी सगळे सारखे असूनही माणूस पहिल्याच पत्राला अडतो. कीबोर्डच्या लेआउट्स या विभागात मराठी जोडावी. तेथे एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आणि कागप हे दोन मराठी प्रकार मिळतात. विंडोजवर इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याने पहिला घ्यावा, तर दुसरा उच्चारानुसार कळा लावतो. रोमन अक्षरे टाइप करून मराठी उमटवण्याची सवय असलेल्यांना यातला कोणताही प्रकार पूर्ण समाधान देणार नाही. त्यांनी इनपुट मेथड या साधनातून आयबस आणि एम१७एन या टंकलेखन-साधनांचा संच बसवून त्यातील मराठीची पद्धत निवडावी. त्यानंतर लेआउटच्या पर्यायांत स्विचिंग टू अनदर लेआउट येथे ऑल्ट-शिफ्ट किंवा विंडोज कळ व स्पेसबार, यांपैकी जी जोडी हाताला माहीत आहे ती निवडावी.

युनिकोडमधील मराठी मजकूर विंडोजमधला मंगल हा देवनागरी फाँट नसतानाही वाचता येतो, कारण त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट आपोआप वापरला जातो. मात्र श्रीलिपी किंवा सुरेख यांसारख्या जुन्या फाँटांत साठवलेली पत्रे तो विशिष्ट फाँट नसेल तर रोमन अक्षरांच्या गर्दीसारखी दिसतात. अशा फायली असतील तर जुने यंत्र हाताशी असतानाच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. लॅटिन लिपीसाठी कार्लितो हा मुक्त फाँट कॅलिब्रीच्या आणि कॅलेडिया हा कॅम्ब्रियाच्या मापांशी जुळणारा आहे. हे दोन्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवले की जुन्या दस्तऐवजांतील ओळी आणि पाने सहसा जागच्या जागी राहतात.

पट्टी, मेनू आणि डेस्कटॉप

विंडोज १० ची टास्कबार साधारण ४० पिक्सेल उंच असते आणि विंडोज ११ ची ४८. पट्टीवर राइट क्लिक करून पॅनेल सेटिंग्ज उघडावीत व उंची तेवढी ठेवावी. विंडोज ११ प्रमाणे चिन्हे मधोमध हवी असल्यास त्याच मेनूतून पॅनेल एडिट मोड चालू करावा, मेनूचे बटण आणि खिडक्यांची यादी ओढून मधल्या भागात न्यावी आणि तो मोड आठवणीने बंद करावा. पट्टीच्या उजव्या टोकाला कॉर्नर बार नावाचे ॲपलेट, म्हणजे पट्टीवर बसणारा छोटा प्रोग्राम, असते. त्यावर क्लिक केल्यास डेस्कटॉप दिसतो, म्हणजे विंडोज ७ पासूनची तीही सवय टिकते.

एकाच प्रोग्रामच्या खिडक्या एका चिन्हाखाली गोळा करणारे ग्रुप्ड विंडो लिस्ट हे ॲपलेट २०१८ च्या अखेरीस आलेल्या मिंट १९.१ पासून मूळ मांडणीत आहे आणि ते विंडोज ७ व १० सारखे वागते. ज्येष्ठ माणसासाठी मांडणी करताना मी मात्र ते काढून साधे विंडो लिस्ट लावतो, कारण त्यात प्रत्येक उघड्या खिडकीचे नाव अक्षरांत दिसते आणि एक्सपीच्या काळात संगणक शिकलेल्यांना तीच रीत अधिक जवळची वाटते. मेनू अधिक रुंद आणि चौकटींच्या स्वरूपात हवा असेल, तर ॲपलेट्सच्या डाउनलोड विभागातून सिनामेनू घ्यावा.

डेस्कटॉपवर कॉम्प्युटर आणि होम ही चिन्हे असतात, पण कचरापेटी नसते. सिस्टम सेटिंग्जमधील डेस्कटॉप या विभागात ट्रॅश चालू केले की रिसायकल बिन शोधणाऱ्या नजरेला ती नेहमीच्या जागी सापडते.

शेवटी रूप

थीम्सच्या विभागात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडल्यास माउसचा बाण, प्रोग्रामांचे रूप, चिन्हे आणि डेस्कटॉपचे रूप वेगवेगळे निवडता येतात. विंडोजच्या जवळ जाणाऱ्या थीम्समध्ये फ्लुएंट हा संच मला सर्वांत नेटका वाटतो. तो ग्नोम-लुक या संकेतस्थळावर मिळतो आणि त्याच्या चिन्हसंचात पिवळ्या फोल्डरांचा प्रकारही आहे. विंडोज ७ किंवा एक्सपीचे रूप हवे असणाऱ्यांसाठी बूमरँग प्रकल्पाच्या थीम्स आहेत. उतरवलेला संच उलगडून थीमचे फोल्डर होम फोल्डरातील थीम्स नावाच्या आणि चिन्हांचे फोल्डर आयकॉन्स नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवावे. या दोन्ही नावांच्या आधी टिंब असते. ती दिसण्यासाठी कंट्रोल-एच दाबावे, आणि ती नसतील तर रोमन लिपीत, लहान अक्षरांत तयार करावीत.

येथे सावधपणा हवा. सिनॅमनची थीम म्हणजे मुख्यतः रंग, मापे आणि चित्रे यांची मांडणी असते, पण ॲपलेट आणि एक्स्टेन्शन हे प्रत्यक्ष चालणारे प्रोग्राम असतात. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ग्लोबल थीममध्ये चालणारा कोडही असू शकतो आणि मार्च २०२४ मध्ये अशीच एक थीम बसवल्यावर एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्या गेल्या, तेव्हा केडीईच्या विकासकांना सर्वांना सावध करावे लागले. म्हणून ॲपलेट्स सिस्टम सेटिंग्जमधून मिळणाऱ्या यादीतूनच घ्यावीत, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, पासवर्ड मागणारी आज्ञा चालवायला सांगणारी थीम मी तरी टाळतो.

विंडोजचे बोधचिन्ह मेनूच्या बटणावर लावण्याचा मोह अनेकांना होतो. घरच्या यंत्रावर त्याने कुणाचे बिघडत नसले, तरी असे यंत्र विकताना किंवा वाटताना ते चिन्ह ठेवू नये, कारण तो नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा प्रश्न आहे. शिवाय चिन्ह पाहून माणूस समजतो की विंडोजचा कोणताही प्रोग्राम येथे चालेल, आणि ते खरे नाही. सुरक्षा-चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या काली लिनक्सने २०१९ मध्ये आपला डेस्कटॉप विंडोज १० सारखा दाखवणारी सोय दिली होती, पण तिचा हेतू चारचौघांत काम करताना कुणाचे लक्ष वेधले जाऊ नये असा होता. घरच्या माणसापासून काही लपवण्याचे कारण नसते, तेव्हा हे विंडोज नाही हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

ऑफिस आणि डी ड्राइव्ह

लिबरऑफिसमध्ये व्ह्यू मेनूतील युजर इंटरफेस येथे टॅब्ड हा प्रकार निवडला की वरची पट्टी एमएस ऑफिसच्या रिबनसारखी होते. टूल्समधील ऑप्शन्स उघडून लोड/सेव्हच्या जनरल पानावर फायली नेहमी वर्डच्या स्वरूपात साठवल्या जातील अशी निवड करावी. एक्सेलसाठीही तेच करावे. तसे न केल्यास पाठवलेली फाइल समोरच्याकडे कधी बिघडलेल्या मांडणीत उघडते आणि दोष नव्या यंत्राला दिला जातो.

आईने सर्वांत उशिरा विचारलेला प्रश्न मला सर्वांत आधी सुचायला हवा होता: "माझा डी ड्राइव्ह कुठे आहे?" लिनक्समध्ये ड्राइव्हला अक्षरे नसतात. डिस्कचा तो जुना भाग, म्हणजे विभाजन, शाबूत ठेवले असेल, तर डिस्क्स या साधनात ते निवडावे, अनमाउंट करून, म्हणजे तात्पुरते सोडवून, एडिट फाइलसिस्टम येथे त्याला ओळखीचे नाव द्यावे आणि एडिट माउंट ऑप्शन्समध्ये यंत्र सुरू होतानाच ते जोडले जाईल अशी खूण करावी. शेजारी विंडोजही ठेवले असेल, तर तिथला फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) आधी बंद करावा, नाहीतर त्या विभाजनावर काही लिहिता येत नाही. विभाजन उरलेले नसेल, तर होममध्ये त्याच नावाचे फोल्डर करून, सगळ्या जुन्या फायली आधीच्याच उपफोल्डरांसह त्यात ठेवून, ते फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत बुकमार्क म्हणून लावावे. आईचे काम तेवढ्याने भागले.

यंत्र हाती दिल्यावर निदान अर्धा तास शेजारी बसावे, स्वतः माउसला हात न लावता तो माणूस कुठे थांबतो हे कागदावर टिपावे आणि त्याच दिवशी तेवढ्या जागा दुरुस्त कराव्यात.